पुण्यातून बांगडा गरवायला निघताना: लूर कसे निवडायचे, कसे बांधायचे

बांगडा गरवायचा, म्हणजे गळाने पकडायचा, तर त्यासाठी लूर (गळाला लावायचं खोटं आमिष) विकत घ्यायच्या आधी एक अख्खा बांगडा विकत घ्या. सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जायचं आणि सांगायचं, "मावशी, हा एक असाच द्या, कापू नका, कल्लेपण काढू नका." घरी आणून ताटात ठेवायचा, तोंड उघडायचं, कल्ल्याचं झाकण उचलून आत बघायचं. लाल कल्ल्यांच्या आतल्या बाजूला लांब, बारीक दात्यांची दाट रांग दिसते. ती इतकी लांब असते की नुसतं तोंड उघडलं तरी समोरून दिसते. ही बांगड्याची चाळणी. तोंड आ करून तो पोहत जातो, पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं आणि त्यातले बारीक जीव मागे अडकतात. कोळंबीची नुकती फुटलेली पिल्लं, माशांची अंडी, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचाचे जीव हे त्याचं रोजचं खाणं. आता जबड्याच्या कडेवरून बोट फिरवा. दात जवळजवळ लागतच नाहीत, आणि ओठाजवळची त्वचा नखानं फाटेल इतकी पातळ असते.

लूरबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं या ताटातल्या माशातच आहे. लूर लहान हवा, पाण्यात लटकत हलकेच हलणारा हवा, आणि मासा ज्या खोलीवर फिरतोय त्याच खोलीवर पोचायला हवा. रंग, चकाकी, कंपनी, किंमत यांचा विचार त्यानंतर करायचा.

हे आधीच सांगते, कारण इंटरनेटवर मॅकरेल (बांगड्याचं इंग्रजी नाव) शोधलं की बहुतेक व्हिडिओ ब्रिटन-आयर्लंडकडचे येतात. मोठाले गळ, त्यावर रंगीत पिसं, खाली शंभर-दीडशे ग्रॅमचं शिसं. तिकडचा मासा अटलांटिक मॅकरेल. तो आपल्या बांगड्याच्या नात्यातला असला तरी वेगळ्या वंशाचा आहे, अंगानं मोठा होतो आणि लहान माशांचा पाठलाग करून त्यांना गिळतो. आपला बांगडा म्हणजे रास्ट्रेलिजर कानागुर्टा. साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा मासा हाताशी येतो, ३५च्या आसपास त्याची वाढ संपते. पुण्यात बसून तिकडची पिसं मागवली आणि रत्नागिरीच्या धक्क्यावर टाकली, तर खालून बांगड्यांचा थवा जाईल आणि एकही तोंड लावणार नाही.

कुठे जायचं, केव्हा जायचं

पुण्याहून सगळ्यात जवळचा समुद्र रायगडचा. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, आणि पुढे श्रीवर्धन किंवा दिवेआगर. पण बांगड्यासाठी मी थोडं दक्षिणेला जायला सांगेन. उत्तरेकडे खाड्यांचा गाळ जास्त, पाणी गढूळ. हर्णैच्या खाली, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, पाणी निवळ मिळतं आणि बांगड्याची आवकही तिकडेच मोठी. रत्नागिरीला कोल्हापूरवरून आंबा घाटाने किंवा कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने उतरता येतं. सात-आठ तास धरा आणि मुक्कामाच्या तयारीनेच जा. हर्णै-दापोली पाच-सहा तासांत होतं, पहिल्या फेरीला ते बरं.

पावसाळ्यात जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना राज्यात मासेमारीबंदी असते. किनाऱ्यावरून रॉडने गरवणाऱ्याला ती थेट लागू नसली, तरी त्या दोन महिन्यांत समुद्र इतका खवळलेला असतो की धक्क्यावर उभं राहणंच धोक्याचं. नारळी पौर्णिमेनंतर पाणी हळूहळू शांत होतं. सप्टेंबरच्या शेवटापासून थंडीपर्यंतचा काळ नव्या माणसासाठी उत्तम.

दिवस निवडताना हवामानाइतकीच तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाला येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास एक भरती, आणि तिच्या साधारण साडेबारा तास आधी, पहाटे, दुसरी. पौर्णिमा-अमावास्येला १५ धरायचे. मुंबईच्या बाजूला हा हिशेब बराच जुळतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करायची, पण घरी कॅलेंडरसमोर उभं राहून शनिवार-रविवार निवडायला हे गणित पुरतं.

यातली अष्टमी-नवमी मला विशेष आवडते. आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे बांगडा वर येऊन खातो त्या उजेडाच्या वेळेला पाणी भरलेलं. शिवाय ते भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाण्याची ओढ जास्त, त्यामुळे तळाचा गाळ ढवळून निघतो. भांगाला ओढ कमी आणि पाणी निवळ. नवख्याला हलकं वजन वापरूनही गळ सरळ खाली सोडता येतात. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास, एवढाच वेळ मनापासून गरवा. बाकीच्या वेळात चहा घ्या, गाठी तपासा.

लूरची निवड

पहिला लूर साबिकी असू द्या. दुसरा काय घ्यावा हा प्रश्न नंतरचा.

साबिकी ही जपानी रचना. मधोमध एक मुख्य दोर, त्याला अंतराअंतरावर आखूड फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक बारीक गळ. बहुतेक पाकिटांत असे सहा गळ असतात. गळाच्या दांडीवर माशाच्या कातडीचा पातळ तुकडा, चमकता धागा किंवा प्लास्टिकची झिरमिळी बांधलेली असते, डोक्याशी अंधारात चमकणारा थेंब किंवा लाल मणी. पाण्यात सोडल्यावर हे सहा गळ म्हणजे सहा बारकी कोळंबीची पिल्लं. मघाशी ताटात बघितलेल्या तोंडाला याहून योग्य घास नाही.

पाकीट घेताना गळाच्या नंबराने नवीन माणूस हमखास गोंधळतो. पाश्चात्त्य पद्धतीत नंबर वाढला की गळ लहान होतो, म्हणजे १० नंबर ६ नंबरापेक्षा बारीक. जपानी पद्धतीत उलटं, नंबर वाढला की गळ मोठा. एकाच दुकानात दोन्ही पद्धतींची पाकिटं शेजारी टांगलेली असतात. तेव्हा नंबर बाजूला ठेवा आणि गळाची फट बघा, म्हणजे टोक आणि दांडी यांमधलं अंतर. बांगड्यासाठी ५ ते ७ मिलिमीटर फट घ्या. ऑनलाइन मागवत असाल तर पट्टी शेजारी ठेवलेला फोटो असलेलंच पाकीट निवडा.

दुसरी बघायची गोष्ट दोराची जाडी. पाकिटावर फाट्याची आणि मुख्य दोराची ताकद वेगळी दिलेली असते. फाटा मुख्य दोरापेक्षा कमजोर असायलाच हवा, म्हणजे एखादा गळ खडकात अडकला तर तेवढाच तुटतो आणि बाकीचे वाचतात. फाटा सुमारे ८ पौंड आणि मुख्य दोर १२ पौंड ही जोडी चांगली. २० पौंडांची जाड साबिकी मिळते, ती मोठ्या माशांसाठी. जाड दोरावर बारीक गळ ताठ उभा राहतो, हलत नाही, आणि निवळ पाण्यात बांगडा तो ओळखतो.

रंगाबद्दल थोडक्यात. निवळ पाणी आणि ऊन असेल तर माशाच्या कातडीची पांढरी-चंदेरी साबिकी. पाणी थोडं गढूळ असेल किंवा उजाडायच्या आधी गरवत असाल तर गुलाबी छटेची, चमकत्या थेंबाची. ही दोन पाकिटं असली की पुरे. मासे लागत नसतील तर आधी खोली बदला, मग हलवण्याची गती, आणि शेवटी रंग. बरेच जण हा क्रम उलटा धरतात आणि डबाभर रंगीत पाकिटं घेऊन फिरतात.

साबिकीच्या जोडीला १० ते २० ग्रॅमचे दोन छोटे जिग, म्हणजे माशासारखे दिसणारे धातूचे चकाकते लूर, घ्या. थवा धक्क्यापासून लांब फिरत असेल तर साबिकी तिथवर फेकणं जड जातं, जिग सहज जातो. त्याच्या खाली तीन टोकांचा मोठा गळ लावून दिलेला असतो. तो पकडीने काढून टाका आणि वरच्या कडीत एक-दोन बारीक एकेरी गळ दोऱ्याने लटकवा. बांगड्याच्या नाजूक तोंडाला तीन टोकांचा गळ फाडून जातो, आणि खडकात अडकतोही तोच. चमच्याच्या आकाराचे लूर, लाकडी मासे, मोठे रबरी मासे यांवर सध्या खर्च करू नका.

रॉड, रील, दोर

सात ते आठ फुटांचा, १० ते ३० ग्रॅम वजन फेकू शकणारा रॉड, २५०० किंवा ३००० मापाचं स्पिनिंग रील. खडकवासल्याकडे किंवा पवनेला गरवणाऱ्या कुणाकडे असा संच असतोच, पहिल्या वेळी मागून न्यायला हरकत नाही.

दोर मात्र विचार करून निवडा. दुकानदार विणलेला ब्रेड सुचवील. तो बारीक आणि मजबूत असतो, पण ताणला जात नाही. मासा झटका देतो तेव्हा तो झटका थेट त्या पातळ ओठावर बसतो आणि गळ निसटतो. नवख्या हाताला १० ते १२ पौंडांची साधी नायलॉनची तंगूस बरी. ती थोडी ताणली जाते, झटका स्वतः घेते, गुंतली तर सोडवताही येते. खोलीचा आणि झटक्याचा हाताला अंदाज आला की मग ब्रेडकडे वळा.

घरी बसून करायचं काम

साबिकीचं पाकीट पहिल्यांदा धक्क्यावर फोडू नका. वाऱ्यात सहा गळ एकदम सुटले की ते एकमेकांत, बाहीत आणि बोटात जातात. घरी, पंखा बंद करून, जेवणाच्या टेबलावर बसा.

पाकिटातल्या पुठ्ठ्यावर साबिकी गुंडाळलेली असते आणि गळ फोममध्ये टोचलेले असतात. आधी वरचं टोक शोधा. त्याला कडी किंवा स्विव्हेल (गोल फिरणारी कडी) असतं, ते तुमच्या रीलवरच्या दोराला जोडायचं. खालच्या टोकाला स्नॅप, म्हणजे उघडझाप होणारा आकडा, असतो, त्यात शिसं अडकवायचं. हे उलटं झालं की फाटे दोराला चिकटून राहतात आणि दोन-तीन फेऱ्यांतच सगळा गुंता होतो.

आता कात्री घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या गळाच्या बरोबर मधोमध साबिकी कापा. सहा गळांची लड दीड मीटरच्या वर असते. सात फुटी रॉडने ती फेकता येत नाही, वर उचलता येत नाही, आणि सहाला सहा मासे लागले तर काय करायचं ते नव्या माणसाला सुचत नाही. तीन गळांच्या दोन लडी कराव्यात. वरच्या तुकड्याला खाली एक स्नॅप बांधावा लागेल, खालच्या तुकड्याला वर एक स्विव्हेल. एका पाकिटात दोन फेऱ्यांची सोय होते.

यासाठी एकच गाठ शिका. दोर स्विव्हेलच्या छिद्रातून घाला, टोक मूळ दोराभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. छिद्राजवळ जी बारीक फट राहिली आहे तिच्यातून टोक काढा, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार झाला त्यातून पुन्हा एकदा. आता थुंकीने ओली करा आणि हळूहळू ओढा. वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. कोरडी गाठ झटक्याने ओढली की नायलॉन घर्षणाने तापतं आणि तिथेच कमजोर पडतं, म्हणून ओलं करणं चुकवू नका. शेवटी स्विव्हेल खिळ्यात अडकवून जोरात ओढून बघा. सुटायची असेल तर इथेच सुटू दे.

तयार लडी ठेवायला एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम घ्या. वीतभर तुकडा कापा, एका टोकाला चीर देऊन स्विव्हेल त्यात अडकवा, मग दोर गुंडाळत जाताना प्रत्येक गळ फोममध्ये टोचा. धक्क्यावर उलट्या क्रमाने एकेक गळ काढत लड सोडायची. गुंता होण्याचं कारणच उरत नाही.

गळांची काटेरी नखी, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, पकडीने दाबून टाका. मासा थोडा जास्त निसटेल हे खरं. पण गळ बोटात गेला तर सरळ मागे ओढून काढता येतो, आणि सोडून द्यायच्या माशालाही इजा कमी होते. मुलं बरोबर असतील तर हे करायलाच हवं.

स्वतः लड बांधायची असेल तर

पाकिटातल्या लडीवर दोन-चार फेऱ्या झाल्या की हात शिवशिवतो, आणि पुण्यात राहणाऱ्याला तर सामान शोधायला लांब जावं लागत नाही. रविवार पेठेत जरीचा चंदेरी धागा आणि बारीक लाल मणी मिळतात. नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश घरात असतंच. बारीक गळांचं पाकीट आणि १२ पौंडांची तंगूस एवढंच वेगळं आणायचं.

गळ छोट्या शेगड्यात किंवा पकडीत घट्ट धरा. साध्या पांढऱ्या शिवणदोऱ्याने दांडीवर दाट वेढे द्या, जरीच्या दोन पदरी तुकड्याला त्यात बांधा, वर दोन-तीन गाठी आणि पॉलिशचा एक थेंब. जरीची शेपटी गळाच्या वाकापेक्षा तीन-चार मिलिमीटरच पुढे राहू द्या. लांब ठेवली तर दिसायला सुंदर दिसते, पण बांगडा शेपटीचं टोक चाखून निघून जातो आणि गळ तोंडात जातच नाही. रात्रभर वाळू द्या.

आता फाटे. मीटरभर तंगूस घ्या. जिथे गळ हवा तिथे दोराचा मोठा फास करा. फासाच्या माथ्याशी दोर जिथे स्वतःला ओलांडतो, तिथे त्याला स्वतःभोवती पाच-सहा वेळा पिळा द्या आणि पिळाच्या मधोमध बोट घालून जागा उघडी ठेवा. फासाचा खालचा भाग त्या जागेतून ओढून घ्या, दातांत धरा, ओला करा आणि दोराची दोन्ही टोकं हाताने सावकाश ताणा. पिळ दोन्हीकडे सारखे बसतात आणि मधून एक फास दोराला काटकोनात उभा राहतो. या गाठीला ड्रॉपर लूप म्हणतात. फासाचं टोक चिमटीत दाबून गळाच्या छिद्रातून घाला, मग तो फास गळाच्या वाकावरून पलीकडे काढून ओढा. गळ बसला.

फास तयार झाल्यावर चार-पाच सेंटिमीटर लांब असावा आणि दोन फासांमधलं अंतर त्याच्या दुपटीहून बरंच जास्त, म्हणजे १८ ते २० सेंटिमीटर ठेवावं. शेजारचे दोन गळ एकमेकांपर्यंत पोचूच शकले नाहीत तर ते एकमेकांत अडकणार कसे? घरी केलेल्या बहुतेक लडी बिघडतात त्या याच मापात.

बांधून झाली की लडीखाली वजन लावून पाण्याच्या बादलीत सोडा आणि वरून बघा. गळ दोरापासून बाजूला उभे राहतात का? हात जरासा हलवला की जरी थरथरते का? गळ दोराला चिकटत असतील तर फास लांब झालाय किंवा दोर फार मऊ आहे.

वजन किती लावायचं

दोर सरळ राहील एवढं. बंदरातल्या शांत पाण्यात, भांगाच्या दिवसांत, १५ ते २५ ग्रॅम पुरतं. ओढ असेल तर ३०, पण रॉडवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका. फार हलकं वजन लावलं तर नुकसान जास्त होतं, कारण लागलेला बांगडा वर पोहतो, दोर सैल पडतो आणि तीनही गळ त्याच्याभोवती गुंडाळले जातात. शंका आली तर पाच ग्रॅम जास्त लावा.

शिशाऐवजी खाली तो छोटा जिग अडकवला तर वजन आणि लूर दोन्ही कामं एकाच वस्तूत होतात. खाली चमकणारा जिग बघून थवा जवळ येतो आणि खातो मात्र वरचे बारीक गळ. फेकून गरवायचं असेल तर माझी पसंती यालाच.

फेकण्याचा सराव आधी मोकळ्या मैदानात करा, गळ न लावता, नुसतं वजन बांधून, आजूबाजूला कुणी नसताना.

धक्क्यावर

पोचल्यावर आधी विचारा. प्रत्येक धक्क्यावर गरवायला परवानगी असतेच असं नाही. मासे उतरवण्याची वेळ असेल तर बाजूला थांबा. तिथे एखादे काका रोज गरवत असतात. "काका, इथे टाकलं तर चालेल का? पाणी किती आहे?" एवढं विचारलं तरी पुढच्या दोन तासांचा रस्ता सरळ होतो. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचं काम चालू असेल तर त्या पाण्यात गळ अजिबात टाकू नका. जाळ्यात अडकलेला एक बारीक गळ ओढणाऱ्याच्या हातात घुसतो. आणि ती त्यांची रोजीरोटी आहे.

खडकांवर उतरू नका, पहिल्या वर्षी तरी नाहीच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने माणसं ओढली गेली आहेत, पाणी शांत दिसत असतानासुद्धा. धक्का, सपाट जागा, पकड असलेले बूट, आणि पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट.

आता पाण्याकडे बघा. पृष्ठभागावर पावसाचे थेंब पडावेत तशी थरथर दिसली आणि पाऊस नसेल, तर बांगडा वर येऊन खातोय. पक्षी एकाच ठिकाणी घिरट्या घालत असतील तर तिकडेही लक्ष ठेवा. रात्री धक्क्यावरच्या दिव्याखाली बारीक जीव जमतात आणि त्यांच्यामागे बांगडा येतो, म्हणून उजेड संपतो त्या कडेला गळ सोडा.

काहीच दिसत नसेल तर खोली मोजत शोधायचं. रीलवरचा दोर अडवणारा तारेचा दांडा उघडून लड खाली जाऊ द्या आणि मनात एक, दोन, तीन मोजत राहा. वजन तळाला टेकलं की दोर सैल पडतो. समजा बारा आले. पुढच्या वेळी दहाला थांबवा, थोडा वेळ गरवा, मग सातला, मग चारला. ज्या आकड्यावर पहिला मासा लागला तो लक्षात ठेवा आणि त्याच आकड्यावर थांबत राहा. शेजारी मासे काढणारा माणूस आणि रिकामा बसलेला माणूस यांच्यात बहुतेक वेळा एवढाच फरक असतो.

हलवायचं किती? रॉडचं टोक हातभर सावकाश वर घ्या, तितकंच सावकाश खाली आणा, आणि मध्ये दोन श्वास थांबा. खाली येताना दोर सैल सोडू नका, कारण मासा बहुतेक वेळा तेव्हाच तोंड लावतो. कोळंबीचं पिल्लू झटके देत पोहत नाही, त्यामुळे जोरात खेचणाऱ्याला बांगडा कमीच लागतो.

लागल्याची खूण म्हणजे रॉडच्या टोकाची भरभर थरथर. इथे झटका मारायचा नाही. नुसता दोर ताणलेला ठेवा आणि रील फिरवायला लागा, गळ आपोआप रुततो. थवा खाली असेल तर तीन-चार सेकंद थांबायला हरकत नाही, पहिल्याची धडपड बघून दुसराही येतो. त्याहून जास्त थांबलात तर गुंता ठरलेला. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटताना त्याला धरून ठेवणारा ब्रेक, इतका सैल ठेवा की हाताने दोर ओढला तर थोडा जोर लावून सुटेल. पाण्याबाहेर काढताना एका सलग ओघात उचला. धक्क्याच्या कडेवर मासा आपटला की ओठ फाटतो आणि मासा गेला.

साबिकीला दुसरे मासेही येतात. तारली, पेडवे आले तर आनंदच. शेंगाळ्याच्या काट्यांना हात लावू नका, ते विषारी असतात, पकडीने गळ काढा. केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, आला तर त्याचे दात दोर कापतात. तो खायचा नसतो, परत पाण्यात सोडा. वीतभरही नसलेला बांगडा सोडून द्यावा असं माझं ठाम मत आहे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं, ते पिल्लं वाढावीत म्हणूनच. आपल्यासारख्या हौशी माणसाला तर पोटासाठी लहान मासा ठेवायची गरजच नाही. हात ओले करून धरा, गळ काढा आणि सोडा.

बर्फ

पुणेकराने हा भाग लूरच्या भागाइतकाच लक्ष देऊन वाचावा. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत तोंडाची जळजळ, चेहरा लाल होणं, डोकेदुखी, अंगावर गांधी असा त्रास होतो. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, शिजवून किंवा गोठवून जात नाही. मासा दिसायला ताजा असला तरी ते असू शकतं. धक्क्यावर दोन तास उन्हात बादलीत ठेवलेला आणि नंतर पाच-सहा तास डिकीत आलेला बांगडा कितीही चांगला गरवलेला असो, खाण्यालायक नाही.

म्हणून बर्फ आधी, मग गळ पाण्यात. मासळी उतरते त्या बंदरांवर बर्फ मिळतो, सकाळी गेल्या गेल्या घ्या. थर्माकोलच्या खोक्यात फोडलेला बर्फ आणि थोडं समुद्राचं पाणी टाकून ठेवा. मासा वर आला की लगेच त्यात, बादलीत नाही. परत निघताना पाणी काढून टाका. खाली बर्फ, त्यावर मासे, पुन्हा बर्फ असे थर द्या. जितके किलो मासे, किमान तितके किलो बर्फ. वितळलेलं पाणी निथळायला खोक्याच्या तळाशी भोक ठेवा (धक्क्यावर आत पाणी असेपर्यंत ते बुचाने बंद) आणि खाली ट्रे. घाट चढायच्या आधी माणगाव, महाड किंवा चिपळूणला थांबून एकदा झाकण उघडा, कमी वाटला तर बर्फ विकत घ्या.

घरी पोचल्यावर थकवा असला तरी मासे त्याच रात्री साफ करा, कल्ले आणि आतडी काढा. त्या दिवशी खायचे तेवढे बाजूला ठेवून बाकीचे लगेच डीप फ्रीजरमध्ये टाका. मग लड, रील आणि रॉड नळाच्या पाण्याखाली धरा, धार मंद ठेवा म्हणजे मीठ रीलच्या आत जाणार नाही. लड सावलीत वाळवा, एकेक गळ अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा. टोक नखावर अडकलं तर धार आहे, घसरलं तर तो गळ फासातून सोडवून त्या जागी नवा घाला आणि लड फोमवर गुंडाळून ठेवा.